सातवं वळण

पारोळ्याच्या पुढे, हायवेला लागून,
जिथं केळीचे ट्रक चहाला थांबतात
तिथं आमचं पाताळ आहे.
तिकीट ऐंशी. गरोदर बाया आणि हृदयविकारवाल्यांनी बसू नये,
असं पाटीवर लिहिलंय, आणि बसतात.

रुळावर सहा डबे, नऊ वळणं.
सातव्यावर एक राक्षस, बाजेवर आडवा.
कारखान्यानं त्याला नाव दिलं नव्हतं,
आम्ही आप्पा म्हणतो.
डबा जवळ आला की आप्पा उठायचा,
नाकातून धूर,
आणि हात थेट शेवटच्या सीटवरच्या डोक्यापर्यंत.

आखाजीला, माहेरी आलेल्या पोरींनी डबे भरलेले असताना,
सेहेचाळीस डिग्रीत सिलिंडरचं सील वितळलं.
आप्पा आडवा झाला तो झालाच.

राइड बंद ठेवायची नाही, शेठ म्हणाला, सीझन आहे.
राजकोटला फोन केला. चार दिवसांत पार्ट येईल, ते म्हणाले.
(अजून तेच म्हणतात. माणूस बदलला, चार दिवस तेच.)

पहिला आठवडा सुपडूदादा बाजेखाली झोपला,
बांबूनं आप्पाला उठवत राहिला,
दिवसाला दोनशे वेळा, मधे फक्त भाकरीपुरता थांबून.
मग खांदाच गेला त्याचा.
खांदा चोळत त्यानं वळणावरचा बल्ब काढला,
खिशात टाकला आणि म्हणाला,
"जे उठस नही, त्यावर उजेड टाकानं नही.
अंधारले रिपेरी लागस नही, भो."

तसं तर आमचं अर्धं पाताळ जुगाडावरच चालतं.
विहिरीतल्या बाईचा हात कूलरच्या मोटरवर फिरतो.
नागाचा फुत्कार पंक्चरवाल्याच्या टाकीतला.
आणि हडळीचं हसू बिघडलं तेव्हा
तिकीटखिडकीतल्या मंगलाबाईनं
डबा खाता खाता मोबाइलमधे हसून दिलं,
एकदाच, काहीतरी आठवून.
त्यानंतर दोन महिन्यांनी तिचा नवरा वारला.
हसू मात्र वाजतंच, गर्दीच्या दिवशी दोनशे वेळा.
बदलू का, मी विचारलं.
राहू दे, म्हणाली, आणि सुटे मोजत राहिली.

दिवाळीच्या सुट्टीत एरंडोलचा एक चष्मेवाला पोरगा
राइड संपली तरी डब्यातून उतरेना.
"इथं एक झोपलेला होता ना? तो उठायचा."
शेजारी त्याची बहीण, ओठ दुमडून.
सबंध वर्ष यानं तिला सांगितलेलं,
आणि सातव्या वळणावर नुसता काळोख निघालेला.
भीतीनं रडणारी पोरं मी रोज बघतो.
हा खोटा पडला म्हणून रडत होता.

बंद झाल्यावर टॉर्च घेऊन
दोघांना रुळावरून चालत आत नेलं.
नियमात बसत नाही.
सुपडूदादा पाना पुसत होता, त्यानं पाहिलं, पाना पुसत राहिला.
आप्पा तसाच बाजेवर.
नाकावर धूळ, रबराला भेगा,
पसरलेल्या पंज्यात सुपडूदादाचा जेवणाचा डबा.

पोरगा "बघ" म्हणाला. एवढंच.
बहिणीनं एका बोटानं आप्पाचा अंगठा दाबला,
जरा थांबली.
"मेला का हा?"
"नाही," मी म्हटलं, "पार्ट यायचाय."

हे तिला पटलं. तिच्या घरीही
असं कुणीतरी असावं बाजेवर,
कारण निघताना तिनं
पंज्यातला डबा हळूच कडेला सरकवला,
हात दुखेल म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी
सातव्या वळणावर झिरोचा बल्ब होता.
कुणी लावला, मी विचारलं नाही.
जेवायला बसलो तेव्हा सुपडूदादा
डबा ठेवायला दुसरी जागा शोधत होता.